एका जागी जाणारं औषध

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी दुसरीत होते. आई नुकतीच गेली होती. माझ्या वेण्या घालण्यापासून ते मला कर्जतच्या हायस्कुलात पाठवावं म्हणून दादाशी भांडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढं मी मुंबईत जीवरसायनशास्त्रात संशोधन करू लागले. आमच्या गावात, कडावात, कुणी विचारलं तर ती सांगायची, "आमची बाय साखर पकडणारी प्रथिनं शोधते." एवढं तिनं पाठ केलं होतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भाताच्या लावणीत वाकलं की तिच्या उजव्या कुशीत दुखायचं. आधी काविळीची औषधं झाली. मुंबईला नेलं तेव्हा यकृताचा कॅन्सर निघाला, तोही कापून काढण्यापलीकडे गेलेला. शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली.

त्या इंजेक्शनांनी केस गेले. तोंडभर फोड आले, मऊ भातसुद्धा गिळवेना. एका दुपारी ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली,

"बाय, दुखणं एका जागी हाय ना? मग औषध डोक्यात नि तोंडात कशाला जातं?"

याच प्रश्नावर माझा सगळा प्रबंध चालला होता. मी तिला सांगितलं, रक्तात सोडलेल्या औषधाला जागा कळत नाही, ते सगळीकडे जातं. पण यकृताच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ठरावीक साखर जवळ आली की ते तिला धरतं आणि पेशीच्या आत ओढून घेतं. औषधाला ती साखर जोडली तर ते यकृतातच शिरेल, बाकीचं अंग वाचेल.

"मग आण की ते."

"अजून उंदरांवरच चाललंय, वहिनी."

"मला दे. मी काय उंदरापेक्षा मोठी लागून गेले?"

हे ती हसून म्हणाली नव्हती.

मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणसाला ते देता येणार नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या गाठीत ते प्रथिन उरलं असेल, असं तुला का वाटतं?"

बिघडलेल्या पेशी पुष्कळदा ते प्रथिन गमावून बसतात. म्हणजे आमचं औषध तिच्या चांगल्या पेशींत शिरलं असतं आणि गाठ तशीच राहिली असती. हे मी वाचलेलं होतं. तरीही विचारायला गेले होते.

रविवारी कडावला आले. वहिनी वाटच बघत होती.

"काय म्हनल्या बाई?"

मी काही न लपवता सांगितलं.

"म्हंजे जे चांगलं हाय, त्यालाच साखर वळखता येते."

"हो."

"नि जे बिघडलं त्याला नाय."

"बहुतेक नाही."

"मग जाऊ दे."

संध्याकाळी दादा गोठ्यातून आल्यावर तिनं त्याला सांगितलं, इंजेक्शनं आता बस. तो आधी चिडला, मग माझ्याकडे वळला. "तू सांग तिला. तू शिकलीस ना?"

इंजेक्शनांनी गाठ कमी होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं.

"तिला नको विचारू," वहिनी म्हणाली. "मला तोंडानं जेवायचंय."

काही आठवड्यांत फोड बरे झाले. तिनं वालाचं बिरडं मागितलं, चार घास खाल्ले. भातं पिवळी पडू लागली तेव्हा ती गेली. कापणीला दादा एकटाच उतरला.

माझा प्रबंध पुरा झाला. उंदरांत औषध नेमकं यकृतात जात होतं. परीक्षकांनी कौतुक केलं. मला आनंद होईना.

पुष्कळ वर्षांनी त्याच साखरेच्या वाटेनं यकृतात जाणारी औषधं खरोखर निघाली, दुसऱ्या आजारांसाठी. ते वाचलं तेव्हा मी कडावातच होते. दादा पलीकडे खाटेवर पडला होता. त्याला सांगावं असं वाटलं. पण वहिनीचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा. मी पेपर घडी करून ठेवला आणि त्याला चहा टाकायला आत गेले.