बाईसाहेब बसल्या

आमच्याकडचे संत्रेवाले देवाला घाबरत नसतील इतके आमच्या वहिनीच्या कुत्रीला घाबरतात. कुत्री चावत नाही हो. उलट इतकी सभ्य, की सगळे तिला बाईसाहेब म्हणतात. बाईसाहेब फक्त बसतात. वहिनी त्यांना झाडांच्या ओळीतून फिरवते, त्या हुंगत हुंगत चालतात, आणि एखाद्या झाडापाशी शांतपणे बसल्या की बागवानाचे हातपाय गळतात. झाड वरून हिरवंगार दिसतं, पण आत रोग शिरलेला असतो. दाण्याएवढा किडा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. रोगट काडीचं कलम केलं तरी पसरतो. मग फळं वाकडी होतात, कडू होतात, झाड वाळत जातं. औषध नाही. उपटायचं, बस्स.

आणि बाईसाहेबांचा खुराक, वहिनीचा पगार, पानं तपासणारी प्रयोगशाळा, हे सगळं बागवानांच्याच वर्गणीतून. दर पेटीमागे पॅकिंगवाला कापून घेतो. "विकतचं दुखणं," आमचे आबा म्हणायचे. "आबा, तहान लागल्यावर विहीर खणणार का?" वहिनी म्हणायची. सासरा आणि सून यावरून रोज भांडायचे, आणि भांडून झालं की एकाच किटलीतला चहा प्यायचे.

वहिनी कामावरून आली की थेट घरात येत नाही. फाटकाबाहेर पत्र्याची खोली आहे, तिथे बूट घासते, कपडे बदलते, केस झटकते. मी चिडवायचो, "काय वहिनी, कुणाच्या लग्नाला?" त्यावर ती हसायची. "भावजी, माझ्या कॉलरमधून एक किडा जरी आत आला ना, तर तुम्हीच मला घराबाहेर काढाल." हसायची खरी, पण कॉलर दोनदोनदा झटकायची. मी पाहिलंय. लग्न होऊन आल्यापासून तिने आमच्या बागेत पाऊल ठेवलं नव्हतं. नियमही तसाच होता. घरची बाग घरच्यानं तपासायची नाही. आमच्याकडे दुसरा कुत्रेवाला यायचा.

मग फौजदारकाकांचं प्रकरण झालं. फौजदार म्हणजे मिशांमुळे, बाकी माणूस लोण्याहून मऊ. आबांचा लहानपणापासूनचा जिवलग. त्यांच्या बागेत बाईसाहेब एकदा बसल्या, चार झाडं सोडून पुन्हा बसल्या, आणि मग बसतच गेल्या. प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं. काकांनी अख्खी बाग उपटली आणि लेकीकडे शहरात निघून गेले. त्या दिवशी आबा वहिनीला म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." त्यानंतर एकाच टेबलाशी बसून "तिला सांग, मीठ दे." मधल्यामध्ये मीठ पोचवायला मी.

बागवानांच्या पुढच्याच सभेत आबांनी बोलून बोलून वर्गणी निम्मी करायला लावली. दुसऱ्या कुत्रेवाल्याची नोकरी गेली. आमच्या बागेत नंतर दोन हंगाम कुणी फिरकलंच नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. दृष्टीआड सृष्टी.

यंदा सभा भरली ती वर्गणी पार बंद करायलाच. आमच्या कुंपणापलीकडचा बागवान उठला. प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून त्याला बॅरिस्टर म्हणतात. "काय हो बाई, लोकांच्या बागा उजाड केल्यात. सासरच्या बागेत कुत्री कधी बसली का?"

लोक हसले. वहिनी पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "चला. आत्ता चला, सगळ्यांनी."

"नियमात बसत नाही," सेक्रेटरी पुटपुटले.

"नियमाचा माणूस तुम्हीच घरी पाठवलात ना?"

तेवढ्यात आबा खुर्ची मागे लोटून उभे राहिले. "माझ्या बागेत कुत्रं येणार नाही!" त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागानं. पण आता मागे फिरलं असतं तर गावभर तोंड लपवावं लागलं असतं. गेलो सगळे.

आबांनी उभं आयुष्य घातलेली बाग, दादाचा आणि माझा संसार त्यावर, आणि सगळं त्या चार पायांवर टांगलेलं. कुठल्या कुत्रीच्या ढुंगणाकडे मी जन्मात इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. जरा खाली गेलं की श्वास अडकायचा. खाजवून पुन्हा चालू लागल्या की सुटायचा. पंपघराजवळ मी मनात म्हटलंसुद्धा, सुटलो बुवा.

बाईसाहेब दोन पावलं मागे आल्या. हुंगलं. बसल्या.

वहिनीनं त्यांना लांब नेलं आणि उलट बाजूनं पुन्हा आणलं. त्याच झाडापाशी पुन्हा बसल्या. वहिनी गुडघ्यांवर वाकली, फांद्या बाजूला केल्या. आत एका फांदीवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्या वर एक कोवळा फुटवा, जरा रुंद पानांचा. वेगळ्याच झाडाचं कलम.

"भावजी, हे कुणी बांधलं?"

मला कलम बांधता येत नाही, दादालाही नाही. आमच्या घरात तो हात एकाचाच.

आबा पंपघराच्या पायरीवर बसले. "फौजदाराचं आहे," ते म्हणाले. "झाडं उपटायचं यंत्र आलं त्या दिवशी काडी तोडून खिशात घातली. त्याच्या बापानं जपलेला वाण गं तो. त्याचं काहीतरी राहावं वाटलं." दोन वर्षांत वहिनीशी ते पहिल्यांदा बोलत होते.

मला असा संताप आला, की बाप नसते तर काय बोललो असतो कोण जाणे. "आबा, माझी बाग कुंपणाला लागून आहे हो," बॅरिस्टर म्हणाला, आणि हा बडबड्या माणूस रडायच्या बेतात आला होता.

आसपासच्या आणखी तीन झाडांपाशी बाईसाहेब बसल्या. उरलेल्या बागेत नाही बसल्या. "आज नाही बसली म्हणजे वाचलो असं नाही," वहिनी म्हणाली. "पुन्हा पुन्हा यावं लागेल. आणि कुंपणापलीकडेही." वर्गणी चालू ठेवायचं मतदान तिथेच पंपघरापाशी झालं. पहिला हात बॅरिस्टरचा. आबांनी हात वर केला नाही, त्यांना तो उचलवलाच नसावा.

लोक गेल्यावर वहिनी नळाखाली बूट घासत होती. आबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"पोरी, अजून एक जागा आहे."

तिने ब्रश खाली ठेवला.

"तीच काडी कुंडीतल्या रोपावर बांधून फौजदाराला पाठवलीय. लेकीच्या गॅलरीत ठेवलीय त्यानं. रोज सकाळी फोन करून पानं मोजून सांगतो मला." आबांनी नळ बंद केला. "त्या गल्लीत घरोघरी लिंबाचं झाड आहे म्हणे. लिंबालाही हाच रोग लागतो ना?"

वहिनी ओल्या फरशीवर मटकन बसली. बाईसाहेबांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "मी नाही जाणार, आबा. एकदा सांगितलंय मी त्यांना. पुन्हा त्यांच्यासमोर मी नाही उभी राहणार."

"तू फक्त हिला घेऊन चल. बसली तर मी सांगतो त्याला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. गाडी मी चालवत होतो, मागे वहिनी आणि बाईसाहेब, शेजारी आबा. फाटकाबाहेर पडतोय तोच आबांच्या खिशातला फोन वाजला. फौजदारकाकांची रोजची वेळ. मला वाटलं उचलणार नाहीत. आबांनी उचलला.

"बोल रे," ते म्हणाले. "आज किती झाली?" आणि डोळे मिटून ऐकत राहिले.