काचेला मुशीचं तेल

माझा धाकटा भाऊ धोंडू कोळ्याच्या पोटी जन्मला आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. वेसाव्यात याहून मोठी नाचक्की नाही. बापाने दोन वर्षं त्याला दर्यावर नेलं, मग हात जोडले. धोंडू अंधेरीला दुसऱ्याची टॅक्सी चालवायला लागला. खाकी शर्ट कडक इस्त्रीचा. लग्न केलं नाही. फियाट रोज धुवायचा, तेवढाच संसार.

शहाऐंशी सालच्या पावसात त्या फियाटची पुढची काच गळायला लागली. काचेभोवतीचं रबर वाळून चिरलं होतं. पाणी थेट पॅसेंजरच्या मांडीवर. शेजारची मथुरा म्हणाली, "काय रे धोंड्या, तू दर्यात गेला नाहीस म्हणून दर्याच तुझ्या गाडीत आला काय?" सगळी आळी हसली. मीही हसले.

मालक मात्र हसला नाही. "गळती बंद कर, नाहीतर सोमवारपासून गाडी रतन चालवेल." नव्या रबराचं दसऱ्यानंतर बघू म्हणाला.

धोंडू माझ्या दारात येऊन बसला. "बाय, गाडी गेली तर मी पुन्हा होडीवर. मेलो तरी चालेल, पण होडी नको."

आमच्यात होडीच्या फटी सूत कोंबून बुजवतात, वरून मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात. तेल मुरतं, लाकूड फुगतं, पाणी थांबतं. फळीवरची बाटली मीच काढून दिली. धोंडूने चमच्याच्या दांड्याने रबर उचकटलं, खाली सूत दाबलं, चिंधीने तेल चोळचोळ चोळलं. मग मला आत बसवून त्याने बाहेरून बादल्या ओतल्या. जन्मात पहिल्यांदा टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसले, तेही पाणी टिपकतंय का बघायला.

"बाय, येतंय?"

"थेंब नाही रे!"

रबर फुगून काचेला गच्च बसलं होतं. धोंडूने टपावर ताल धरला.

तीन आठवडे गाडी कोरडी. पॅसेंजर नाक दाबून बसायचे, पण कोरडे. मालक खूश. एके सकाळी मी काचेच्या कडेला हात लावला तर बोट रबरात रुतलं आणि काजळ लागल्यासारखं काळं होऊन आलं.

"धोंडू, हे मऊ पडलंय रे."

"मुरतंय गं."

मीही मान डोलावली. लाकडाला जगवणारं तेल रबराला खातं, हे कुठल्याही गॅरेजवाल्याने सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही. कोळ्याला गळती शिकवणारे हे कोण?

चार दिवसांनी पवईच्या उतारावर गाडी खड्ड्यात आपटली आणि काच चौकटीतून सुटून त्याच्या अंगावर आली. गाडी झाडावर. पॅसेंजर नव्हता, तेवढी देवाची कृपा. धोंडूचा उजवा डोळा गेला. एका डोळ्यावर टॅक्सी कोण देणार?

दिवाळीनंतर तो आळीतल्या जयवंतच्या होडीवर लागला, तळातलं पाणी उपसायला. डबाभर पाणी बाहेर टाकायचा, काठावर वाकून ओकायचा, पुन्हा डबा. असे चार हंगाम काढले त्याने, मग तापाने गेला.

त्या बाटलीचं त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही. होड्या पाण्यात ढकलायच्या आधी दरवर्षी यायचा, "बाय, तेल दे." मी खाली मान घालून बाटली पुढे करायचे.

"बघ तरी माझ्याकडे," म्हणायचा. "होडीला चालतं गं ते."