मेंढरं वळवायची हाक

गारखेड्यात एका सोसायटीच्या गेटवर मी वॉचमन हाय. तिथं राहणाऱ्या एक ताई जुने आवाज गोळा करतेत. म्हाताऱ्यांच्या आठवणी, गावागावची बोली, समदं भरून कॉलेजात जपून ठेवतेत. एकदा त्यांनी जुन्या तबकडीवरचं एका बाईचं बोलणं ऐकवलं. खरखर एवढी, मला वाटलं बाई भजी तळता तळता बोलतीय.

मी लगेच फुशारकी मारली, "ताई, माझा बाप पिशोरकडं मेंढरं राखायचा. त्याची हाक मला हुबेहूब येती."

बाप जाऊन लई वर्सं झाली. त्याचा साधा फोटो बी नाय. म्हणलं, हाक तरी राहील.

ताईंच्या घरी माईकसमोर मी जीव खाऊन हाक मारली. ताईंनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले, "कुणी पडलं का?"

ताई म्हणल्या, "छान आली." पण आमच्यात माणसाच्या छानला किंमत नाय. मेंढरानं मान वळवली तर ती हाक, नायतर नुसती बोंब.

म्हणून रविवारी ताईंना घेऊन पिशोरला गेलो. माझी थोरली बहीण अजून मेंढरं राखती. ताईंनी स्पीकरवर माझी हाक लावली. एका बी मेंढरानं चरायचं थांबवलं नाय. कुत्रं तेवढं उठलं अन् लांब जाऊन बसलं.

आक्का म्हणली, "ही बापाची व्हय? दाढ दुखली का बाप असा वरडायचा."

"मग तू मार."

"मी रोजच मारती. तुला शहरात कुठून ऐकू येणार?"

मी जाऊन कुत्र्याशेजारी बसलो. ताईंनी आक्काम्होरं माईक धरला. आक्कानं पदर खोचला, मिसरी थुंकली अन् हाक मारली. खालून सुरू झाली, वर चढली अन् एकदम तुटली.

मेंढरांच्या आधी माझे पाय निघाले. बाप मला बी त्याच हाकेनं घरी बोलवायचा. पोराला वेगळी हाक कशाला, म्हणायचा. आक्कापाशी पोचलो तवा कळलं, म्होरं मी अन् मागं समदा कळप.

आक्का ताईंना म्हणली, "बरोबर भरली बघा. थोरलं मेंढरू पैलं आलं."

ताईंनी आक्काची भरलेली हाक तिथंच परत ऐकवली. मी बांधावरचा दगड दोन्ही हातांनी धरून बसलो, फिरून उठाया नको म्हणून.