दुपारची बाजू

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. मला तो माणूस आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दर सोमवारी आम्हा कामगारांना उन्हात उभं करून ‘आपण सगळे एक टीम’ यावर पंधरा मिनिटं प्रवचन. टीम म्हणे! काम वेळेत झालं की ‘मी करून घेतलं’, उशीर झाला की ‘माझ्या टीमनं घोळ घातला’. साइटवर सगळे त्यांना ‘तारीख’ म्हणतात. ‘तारीख आली रे’ असं कुणी पुटपुटलं की बसलेले उठतात.

मी सेंटरिंगचा मुकादम. स्लॅब भरायच्या आधी खालून फळ्या आणि टेकू लावायचे, स्लॅब पक्का झाला की काढायचे, हे माझ्या सहा माणसांचं काम. टेकू काढणारा त्याच स्लॅबखाली उभा असतो. म्हणून आमच्यात एक रीत आहे. ‘काढा’ म्हणून जो सांगतो, त्यानं शेवटचा टेकू निघेपर्यंत आमच्यासोबत खाली उभं राहायचं. आजवर मीच सांगत आलो आणि मीच उभा राहत आलो.

काम होतं वाचनालयाच्या मोठ्या हॉलचं. सकाळी दाराकडचा अर्धा स्लॅब झकास भरला. दुपारी काँक्रीट कालवायचं मशीन बिघडलं, दोन तास फुकट गेले. दाजी घड्याळ बघत आले. “पाणी वाढवा. माल पातळ झाला की भराभर सरकेल. आज संपलंच पाहिजे.”

जास्त पाण्यानं काँक्रीट कच्चं राहतं, हे घमेलं उचलणाऱ्या बाईलाही कळतं. मी मात्र मिठाची गुळणी धरून बसलो. का, तर म्हणे दाजी आहेत! पलीकडचा अर्धा स्लॅब तसल्या पातळ मालानंच भरला. हे पाप माझं, ते मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालत नाही. प्रयोगशाळेत दाबून बघायचे काँक्रीटचे ठोकळे तर सकाळच्याच मालातून भरून झाले होते.

दहाव्या दिवशी दाजी कागद नाचवत आले.

“रिपोर्ट एक नंबर आलाय. उद्‌घाटनाची तारीख ठरलीय. टेकू काढा आज.”

“एकवीस दिवस ठरलेत, साहेब.” साइटवर मी साहेबच म्हणतो.

“कागदापेक्षा तुला जास्त कळतं का रे?”

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, “बरं, काढतो. चला मग खाली. आमची रीत तुम्हाला माहीत आहे.”

आले की! हेल्मेट घातलं, दारातून चार पावलं आत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “हं, करा सुरू.”

“इथं नाही, साहेब. पलीकडे. दुपारच्या बाजूला.”

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. मग खिशातून मोबाइल काढला, जो वाजलाच नव्हता, आणि “हो हो, बोला” करत बाहेर गेले. “गेली तारीख!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. टेकूला मी कुणाला हात लावू दिला नाही. ती बाजू कच्ची आहे हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि माझी सहा माणसं तो तिथे पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी ‘मुकादम टीमला भडकवतो’ असं लिहून मला काढलं. दुसरी टोळी आली, तिनं टेकू काढले. स्लॅब राहिला उभा. उद्‌घाटन तारखेला झालं. पलीकडच्या भिंतीला सोळा खिडक्या आहेत, वाऱ्याला तोटा नाही, असं दाजींनी भाषणात सांगितलं. नातेवाइकांत सांगत फिरले, “पडला का स्लॅब? उगाच बोंबाबोंब केली.” मी दोन-तीन ठिकाणी बोलून बघितलं, तर कामावरून काढलेला माणूस दुसरं काय बोलणार, म्हणून लोक हसले. ताईनं महिनाभर अबोला धरला.

मग एका रविवारी भाचीनं हट्टानं मला जेवायला बोलावलं. ताई न बोलता वाढत होती. भाची एकटीच बडबडत होती.

“मामा, मी रोज तुझ्या वाचनालयात अभ्यासाला जाते. पण बाबा फक्त दाराकडेच बसू देतात. पलीकडे अजिबात बसायचं नाही, म्हणतात. तिकडे हवा नाही.”

माझा घास हातातच राहिला. दाजींनी मान खाली घातली.

“हवा नाही?” ताई म्हणाली. “सोळा खिडक्या तिकडेच आहेत ना?”

“अगं, म्हणजे... गर्दी असते तिकडे.”

“कुणाची असते गर्दी? कुणाची मुलं बसतात तिथे?”

दाजी भात कालवत राहिले. ताईनं पळी भांड्यात टाकली आणि महिन्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

“तक्रारीचा अर्ज कुठे द्यायचा असतो रे?”

“अगं, माझी नोकरी...” दाजी अर्धवट उठले.

“जेवा तुम्ही,” ताई म्हणाली. मग भाचीकडे वळली. “मामाला तुझी वही दे.”