उंबऱ्याबाहेरचा डॅनियल

डॅनियल दार वाजवायचा आणि लगेच दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. हात दिसतील असे समोर, मान किंचित खाली. दार उघडणाऱ्याला धाक वाटू नये म्हणून असं उभं राहायचं, हे त्याने मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. मी म्हटलं, "अरे, पण तू समोरच्या फ्लॅटमधला. मला कसला धाक?" तर म्हणाला, "सराव करतोय, लोला. तुम्ही जरा वैतागून दार उघडा ना. इंग्लंडमध्ये लोक वैतागलेले असतात म्हणे."

इशान, रेवा, तुम्ही दोहाला आलात तेव्हा तो इंग्लंडमध्येच होता, म्हणून तुमची त्याची भेट झाली नाही. तुमच्या मामाच्या अल अझीझियाच्या इमारतीत आमच्या समोरच हे फिलिपिनो कुटुंब राहायचं. आई मॅरिसेल दातांच्या दवाखान्यात नर्स, वडील एसी दुरुस्तीच्या कंपनीत. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. ही माणसं मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्याच एका पंथाची. त्यांच्यातली पुष्कळ मुलं एकोणीस-वीस वर्षांची झाली की दोन वर्षं धर्मप्रचाराला परदेशी जातात. देश आपण निवडायचा नाही. पत्र येतं, त्यात लिहिलं असेल तिथे जायचं. डॅनियलच्या पत्रात उत्तर इंग्लंडमधलं एक गाव होतं.

इथे कतारमध्ये अशा प्रचाराला बंदी आहे, आणि डॅनियल कायदा पाळणारा मुलगा होता. त्याने माझ्यापाशी देवाविषयी कधी अवाक्षर काढलं नाही. तो यायचा तो इंग्रजीसाठी. आमचं बोलणंही इंग्रजीतच व्हायचं. तुमच्यासाठी ते मराठीत आणते आहे. पाच मिनिटं उशीर झाला की मी घड्याळाकडे बघायचे. "ओके लंग, लोला," तो हसून म्हणायचा. चालतंय हो, असा त्याचा अर्थ. "चालत नाही," मी म्हणायचे. मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी तिचं घड्याळ निवृत्त होत नाही, असं तुमची आई म्हणते ते खरंच आहे.

जाण्याआधी तो नियमांचं एक छोटं पुस्तक घेऊन आला. अवघड शब्द समजून घ्यायचे होते. मला ते पुस्तक फार आवडलं. किती वाजता उठायचं, कपडे कसे घालायचे, प्रचाराला दोघादोघांनीच फिरायचं, जोडीदाराला एकटं सोडून कुठेही जायचं नाही. एक नियम असा होता की घरात बाई एकटी असेल, तर आणखी कुणी मोठं माणूस सोबत असल्याशिवाय दोघांनी आत जायचं नाही. डॅनियलने पेन्सिल तिथे टेकवली.

"आणि ती तुमच्यासारखी लोला असली तर?"

"नियमाला वय नसतं," मी म्हटलं. "एकदा अपवाद केलास की नियम उरत नाही."

"म्हणजे इंग्लंडमध्ये मी तुमच्या घरी येऊ शकणार नाही!"

"नाही. मी भजी केली असली तरी नाही."

त्याने पुस्तकात, त्या ओळीशेजारी, बारीक अक्षरात माझं वाक्य लिहून घेतलं.

दर सोमवारी त्याची ईमेल यायची. "लोला, आज चौदा दारं वाजवली. तेरा बंद झाली, चौदाव्यातून कुत्रा आला." "लोला, इथे पाऊस उभा पडत नाही, आडवा पडतो. माझ्या जोडीदाराची छत्री वारा घेऊन गेला, तो छत्रीच्या मागे धावला, आणि त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून मी त्याच्या मागे!" हळूहळू त्यात एडना नावाच्या म्हातारीचं नाव येऊ लागलं. ती एकटी राहायची. हे दोघे तिच्या पिशव्या दुकानातून दारापर्यंत आणून द्यायचे. ती दारात काठीवर रेलून गप्पा मारायची आणि त्याला चिडवायची, "अरे, तुमचा देव तुम्हाला चहा पिऊ देत नाही, तर निदान बसू तरी देतो का?" मॉर्मन लोक चहा पीत नाहीत. डॅनियलला ती फार आवडायची. त्याने लिहिलं होतं, "ती तुमच्यासारखीच माझे उच्चार सुधारते."

जानेवारीत ईमेल थांबल्या. दोन वर्षांसाठी गेलेला मुलगा अकरा महिन्यांतच परत आला. मॅरिसेलने कुणाला सांगितलं नाही. त्यांच्यात मुदत पुरी न करता परतणं म्हणजे मोठी नामुष्की. मला तो लिफ्टपाशी दिसला तेव्हाच कळलं. त्याच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती.

त्यानंतर तो तीनचार वेळा आला, पण आत येईना. मी खुर्ची ओढायचे, तो बाहेरच उभा. "ओके लंग," एवढंच म्हणायचा. शेवटी मीच एक स्टूल बाहेर नेलं आणि जिन्यापाशी त्याच्याजवळ बसले. तेव्हा त्याने सांगितलं.

बर्फ पडत होता. एडनाने दार उघडलं ते अंगावर ब्लँकेट घेऊनच. घर गरम ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं, आणि त्याचं बटण खालच्या कपाटात. तिला वाकता येत नव्हतं. ती म्हणाली, "ये रे बाळा, तेवढं बटण दाब." जोडीदार डॅनियलपेक्षा मोठा होता. तो म्हणाला, आम्ही चर्चच्या मंडळीतल्या कुणाला तरी घेऊन येतो. ते शेजारी गेले, तिथे कुणी दार उघडलं नाही. मंडळीतल्या एका गृहस्थांना फोन केला, ते रस्त्यातल्या बर्फामुळे निघू शकले नाहीत. तिघे मिळून गेले ते तिसऱ्या दिवशी. तोवर एडना गेली होती, स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. थंडीने की पडून, ते कुणी त्याला नक्की सांगितलं नाही.

"मला ते कपाट दारातून दिसत होतं, लोला. सहा पावलं. मी पाय उचललाही होता. मग तुमचं वाक्य आठवलं."

तिथल्या प्रचारकांच्या प्रमुखांनी त्याला जवळ बसवून सांगितलं होतं की तो नियम अशा वेळेसाठी नव्हता, तू आत जायला हवं होतंस. अगदी मायेनेच सांगितलं. त्या दिवसापासून त्याचं अन्न सुटलं.

मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. समोर हाडं दिसायला लागलेला मुलगा. मी म्हटलं, "डॅनियल, तू नियम पाळलास. तू बरोबर केलंस."

त्याने मान वर केली. "नक्की?"

"नक्की."

मग तो रडला. त्या आठवड्यात मॅरिसेल सांगत आली की तो वरणभातासारखं काहीतरी खायला लागला आहे. महिन्याभरात त्याच्या वडिलांच्या ओळखीने त्याला उत्तरेला, अल रुवैसच्या मासळी बंदरात, बर्फाच्या गोदामात काम मिळालं आणि तो तिकडेच राहायला गेला. तिथे एक मालवणचे इंजिनदुरुस्तीवाले होते, सावंत म्हणून. ते त्याला चिडवायचे ते तो मला फोनवर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचा, "काय रे पाद्री, मासळी तुझ्या प्रवचनाची वाट बघता काय? यल्ला, चल, बर्फ आण!" मी हसायचे. तोही हसायचा. आणि फोन ठेवण्याआधी दर वेळी विचारायचा, "मी बरोबर केलं ना, लोला?"

मी हो म्हणायचे. पण ते खरं नव्हतं. त्याने आत जायला हवं होतं, आणि तो गेला नाही त्यात माझा हात होता. दर फोनला ते हो मला जड व्हायला लागलं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. माझ्या हाताने चुकीच्या उत्तरावर दिलेली बरोबरची खूण मला तशीच ठेवता येईना. एका शुक्रवारी सकाळी मी तुमच्या मामाला म्हटलं, मला रुवैसला ने.

गोदामाबाहेर बोटी लागल्या होत्या. सावंतांनी मला एका पेटीवर वर्तमानपत्र टाकून बसवलं. "आज्जी, तुमचो नातू कामाक वाघ आसा," म्हणाले आणि निघून गेले. डॅनियल हातमोजे काढत आला, खुशीत. मी वाक्यं पाठ करून गेले होते. तशीच म्हणून टाकली. "डॅनियल, मी तुला चुकीचं शिकवलं. नंतर तू बरोबर केलंस म्हणाले, तेही चूक. तू आत जायला हवं होतंस. पण दोष तुझा नाही, माझा आहे. तो मला दे."

 तो हातमोजे एकात एक घालत राहिला.

"लोला," शेवटी म्हणाला, "सगळे म्हणाले मी आत जायला हवं होतं. प्रमुख म्हणाले, डॅडी म्हणाले. मम्मी बोलली नाही, पण तिलाही तेच वाटतं. एक तुम्ही होता." मग, "तुम्हाला बरं वाटलं का आता?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.  त्याने मामाला बर्फात घातलेली सुरमई दिली, मला गाडीत बसवलं, माझा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला. "नीट जा," म्हणाला. मला बरं वाटलं होतं, मुलांनो. रस्ताभर मला हलकं वाटत होतं. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही.

त्या दिवसानंतर त्याने मला फोन केला नाही. मी केले, ते वाजत राहिले. उन्हाळ्यात त्याच्या वडिलांचं कंत्राट संपलं आणि सगळं कुटुंब मनिलाला परत निघालं. मॅरिसेल निरोप घ्यायला आली. डॅनियल खाली टॅक्सीत बसला होता.

"मॅम, एक विचारू?" ती म्हणाली. "इंग्लंडहून आला तेव्हा जेवत नव्हता, पण जेवणाआधीची प्रार्थना त्याने सोडली नव्हती. तो रुवैसहून त्या शुक्रवारी घरी आला आणि प्रार्थना न म्हणताच जेवला. तेव्हापासून एकदाही म्हटली नाही. काय झालं विचारलं तर ओके लंग म्हणतो. त्या दिवशी तुम्ही तिकडे गेला होतात ना? काही झालं का तिथे?"

"नाही," मी म्हटलं. "मासे घेऊन आलो आम्ही. काही झालं नाही."

तिने मान हलवली. मग वाकून माझा हात उचलला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्यात मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात. मी दिला.