दगाबाजाची लेक

लग्न होऊन इंदूरला निघाले त्या दिवशी कोल्हापूरच्या स्टेशनवर आबांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली होती. तेवढ्यात मुरगूडकडची एक म्हातारी आडवी आली. "ह्योच की त्यो. सख्ख्या भावाला दुधातनं इख घातलं मुडद्यानं." आबांनी मान खाली घातली. "मावशी, पोरगी सासरी चाललीया. आज तरी सोडा की." म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "सुखानं नांद बाय. बापाच्या हातचं मातूर काय खाऊ नगंस," म्हणाली आणि गेली.

मंगळवार पेठेतल्यांनो, तुम्हाला यात काही नवीन नाही. माझे वडील, आपले सायकलवाले आबा, शूटिंग असलं की दुकानाला फळ्या लावायचे आणि स्टुडिओत जाऊन कुणाचा तरी घात करून यायचे. मित्राची बायको पळव, भावाचं गुपित फोड, असलीच कामं त्यांना मिळायची. आई म्हणायची, "इंदूरकरांनी तुमचा एक जरी पिक्चर बघितला असता तरी पोरगी घरातच राहिली असती." मला मात्र अचंबा वाटायचा. घरात झुरळ मारायला घाबरणारा हा माणूस पडद्यावर नुसता डोळा बारीक करायचा आणि अख्खं थेटर गप्प. एवढा दुष्टपणा ते कुठून आणायचे, मला आजही उमगलेलं नाही.

इंदूरला मी बदलले. पोह्यांवर शेव आली, हाताचं तिखट उतरलं, बोलणं 'करून राहिले, जाऊन राहिले' असं झालं. आबा गेल्याची तार आली तेव्हा मी ओली बाळंतीण होते. शेवटचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच. घर सोडून लांब गेलेल्यांना हे सांगायला नको.

मग एका रविवारी इथल्या मराठी मंडळींनी सकाळच्या खेळाला आबांचा एक जुना पिक्चर आणला. मी नवऱ्याला घेऊन गेले. अंधारात आबा आले. चालणारे, बोलणारे, विडी ओढणारे. त्यांनी मित्राला दगा दिला आणि वर त्याच्याच खांद्यावर हात ठेवून हसले. माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा नट आमच्या घरात जेवायचा, झोपायचा, आणि आम्ही त्याला दळण आणायला पिटाळायचो. शेजारची बाई करवादली, "मेला मरत कसा नाही." सगळं थेटर आबा सापडायची वाट बघत होतं आणि मी एकटी मनात म्हणत होते, पळा आबा.

शेवटी ते कड्यावरून पडून मरतात हे मला ठाऊक होतं. पन्हाळ्यावर ते शूटिंग झालं तेव्हा मीच डबा घेऊन गेलते. नायक त्यांच्या मागे लागला तशी मी उठले. नवरा म्हणाला, "अगं बस, आता तर खरी मजा आहे."

"मला न्हाय बघायचं," मी म्हणाले. किती वर्षांनी माझ्या तोंडून 'न्हाय' आलं.

बाहेर येऊन उन्हात उभी राहिले. तुम्ही पत्रातून विचारता, आई-आबा गेले, आता तुझं माहेर ते काय उरलं? त्या दिवशी माझं माहेर त्या भिंतीपलीकडं होतं. आत आबा पळत होते, अजून कुणाच्या हाती लागले नव्हते.