बोटीवरचं नाव

कतारला मुलाकडे राहतो. रोज संध्याकाळी धक्क्यावर एक म्हातारा गोरा दिसतो, स्वतः आखून बांधलेली शिडाची बोट पुसताना. तरुणपणी ऑलिंपिकात शर्यत जिंकलेला, असं पहारेकरी सांगतो. जिंको बापडा. माझा जळफळाट वेगळाच. बोटीवर त्यानं मेलेल्या बायकोचं नाव रंगवलंय आणि फडकं मारताना तिला खुशाल नावानं हाका मारतो. आमची वारली, तोवर चाळीस वर्षं मी तिला नुसतं "अगं" म्हणत आलो.

काल त्यानं खलाशांकडून उचललेल्या हिंदीत विचारलं, "चाचा, तुम्हारा बीवी का नाम?"

पुटपुटलो, "सुमन."

"जोर से बोलो. हवा उलटा है."

मी उभा राहिलो आणि ओरडलो.